टाकीतलं निम्मं पाणी

पाणी खात्यातल्या साहेबांनो, तुम्ही पाण्यात टाकायचं औषध बदललंत आणि लोकांना सांगितलं नाहीत. सांगायला हवं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तोंडं मिटून बसलात.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ती बाबांच्या खोलीत काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभी होती. बाबा समोर पलंगावर, डाव्या हातात दोन सुया, उशाशी डायलिसिसचं मशीन. दिवसाआड चार तास त्यांचं रक्त नळीतून मशीनमध्ये जायचं आणि धुऊन परत अंगात यायचं. धुवायचं पाणी मशीन घरच्या नळाचंच घ्यायचं, फिल्टरमधून गाळून. चार तास भिंत बघून माणूस खुळा होईल, म्हणून तिनं ही टाकी मांडली होती. आयुष्यातली पहिली. तळाला माती, वर बारीक वाळू, लांब चिमट्यानं एकेक काडी खोचून लावलेली झाडं. तीन आठवडे नुसती झाडं रुजू दिली आणि मग रविवारी सहा मासे सोडले, नखाएवढे.

"डावीकडे दाट लाव जरा," बाबा म्हणाले. "माझ्या डोक्यासारखं टक्कल दिसतंय तिथं."

"मुकादमी तुमची आणि चिखल माझा. हात हलवू नका."

निम्मं पाणी तिनं नुकतंच बदललं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं तस्सं, बादल्यांत दोन दिवस उघडं ठेवलेलं. नळाच्या पाण्यातलं औषध तेवढ्यात उडून जातं, हे तिनं पाठच केलं होतं.

सुटून वर आलेली एक काडी ती पुन्हा वाळूत खोचत होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बयो, हे सगळे वर का आलेत?"

सहाही मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं लावून हपापल्यासारखे हवा ओढत होते. एक आडवा झाला होता.

तिनं ओल्या हातानंच दुकानदाराला फोन लावला. त्यानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"पाणी बदललंत ना? अहो ताई, सकाळपासून तुम्ही चौथं गिऱ्हाईक. खात्यानं सोमवारपासून औषध बदललंय. जुनं उघडं ठेवलं की उडून जायचं. हे आठ दिवस ठेवलं तरी जात नाही. आम्हाला कोण सांगतंय? मासे मेल्यावर कळतं."

ती माशांकडे बघत नव्हती. ती नळापासून भिंतीलगत मशीनकडे गेलेल्या पांढऱ्या पाइपाकडे बघत होती. नळ तोच. पाणी तेच.

मशीन लावण्याआधी दर वेळी ती पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. औषध राहिलं असेल तर पट्टीला रंग यायचा. आजही पट्टी पांढरीफटक निघाली होती आणि तिनं निर्धास्तपणे सुया लावल्या होत्या. पट्टी जुन्या औषधाची होती. नवं औषध त्या पट्टीला ओळखताच येत नव्हतं, आणि जुन्यासाठी बसवलेला फिल्टर ते अडवत नव्हता.

मंगळवारी मशीनवरून उठल्यावर बाबांना न्हाणीपर्यंत जाताना दम लागला होता. उकाड्यानं होतंय, असं तीच म्हणाली होती.

तिनं नळी बोटांत धरून उजेडाकडे केली. एरवी आतलं रक्त गडद, दाट असायचं. आज ते लाल सरबतासारखं आरपार दिसत होतं. रक्तातल्या पेशी फुटल्या की रक्त असं दिसतं आणि कंबर ठणकते, हे मशीन शिकवताना इस्पितळात सांगितलं होतं.

"बाबा, कंबर दुखतेय का?"

"मघापासून ठणकतेय. तुला कसं कळलं?"

इस्पितळातल्या नर्सनं फोनवर तिचं सगळं ऐकलं आणि आवाज एकदम उतरवला. "पंप बंद करा. दोन्ही नळ्यांना चिमटे लावा. नळ्यांतलं रक्त परत देऊ नका."

"अहो, पण रक्त आहे त्यांचं! दर वेळी शेवटी परत देतोच ना आपण?"

"ताई, ते आता अंगात जाण्यासारखं राहिलेलं नाही. देऊ नका. गाडी निघतेय. पंधरा मिनिटं."

पहिला चिमटा तिच्या बोटांतून सटकला. पुन्हा उचलला, लावला. दुसरा लावला. पंपाची घरघर थांबली आणि खोलीत बाबांचा श्वास तेवढा ऐकू यायला लागला. तो तिला मोजावासा वाटेना.

"मासे तरी काढ गं," बाबा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "बघवत नाही."

एका हातात त्यांचं मनगट धरून तिनं दुसऱ्या हातानं पाणी खात्याचा नंबर लावला. बऱ्याच वेळानं एका माणसानं उचलला.

"माशांचंच ना? सकाळपासून तेच चाललंय. नवं औषध आहे, ताई. माशांना सोसत नाही. पिणाऱ्या माणसाला काही होत नाही."

"प्यायचं सोडा. घरी डायलिसिस असतं, त्यात हे पाणी सरळ रक्ताला लागतं. का नाही कळवलंत?"

"पत्रक लावलंय की."

"कुठं?"

"इथं. आमच्या ऑफिसात, जिन्याजवळ." मागे कुणीतरी कपबशी ठेवली. "बरं, तक्रार लिहून घेतो. मासे किती मेले?"

तिच्या बोटांखाली नाडी होती, पण बारीक, आणि धावल्यासारखी.

"मासे बाजूला ठेवा. अशी मशीनं या गावात किती घरांत आहेत? दिवसाआड माणूस मशीनवर असतो, म्हणजे निम्मे आज असतील, आत्ता, या घटकेला. त्यांची यादी तुमच्याकडे आहे का नाही?"

पलीकडे नुसतेच कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"आहे का नाही? बोला!"