मागचे दोन टायर

“आधी साहेबांना बाहेर काढू,” टायरवाला म्हणाला, “मग गाडी वर घेऊ.”

गाडी दोनच माणसांची, लालभडक, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. तिने नवऱ्याचे पाय एकेक करून बाहेर ठेवले. टायरवाल्याने त्याच्या काखेत हात घातला. नवरा उठला, डगमगला, काठीवर स्थिरावला. लकवा मारल्यापासून त्याचा उजवा हात पोटाशी दुमडलेला असायचा, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

“कसं वाटतंय आता, साहेब?”

“उद्या,” नवरा म्हणाला.

टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं.

“तेवढाच शब्द राहिलाय. कशालाही तोच.” साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे ते सांगावं, तसं तिने सांगितलं. सुरुवातीला ती त्या शब्दाचे अर्थ लावत बसायची. भूक असेल, तहान असेल, राग असेल. आता लावत नव्हती.

टायरवाल्याने खुर्ची पुसून दिली. नवरा बसला. गाडी हळूहळू वर गेली.

“मघाशी वळणावर मागून सरकली,” ती म्हणाली.

सरकली म्हणजे चांगलीच फिरली होती. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांकडून दोघं परत येत होते. रस्त्यावर टँकरचं पाणी सांडलेलं होतं. गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर गेला, समोर रस्त्याऐवजी कुणाचं तरी कुंपण आलं. तिने कसंबसं स्टिअरिंग सावरलं. नवऱ्याने डाव्या हाताने समोरची कड गच्च धरली होती. तिच्या मनात मात्र एवढंच आलं, की दूध ओट्यावरच राहिलं. भीती मागाहून येईल म्हणून ती पुढच्या सिग्नलपर्यंत वाट बघत राहिली. आली नाही.

टायरवाल्याने मागच्या चाकावरून हात फिरवला. “सरकणारच. पार गोटा झालेत. पुढचे बघा, कसे नव्यासारखे आहेत. या गाडीला जोर मागून ना, सगळं मागच्यांच्याच बोकांडी.”

“मग पुढचे मागे करा.”

“तसं होत नाही, वहिनी. मागचे रुंद, पुढचे अरुंद. अदलाबदल करायची तर मागच्या दोघांचीच आपसात. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.” त्याने आवाज खाली आणला. नवरा हाताच्या अंतरावर बसला होता. “असं करू. आत्ता तेवढंच करून देतो. जपून घरी न्या आणि झाकून ठेवा. साहेब बरे झाले की त्यांच्या पसंतीचे मागवू. टायरच्या बाबतीत त्यांचे नखरे काय कमी आहेत? मला नटसुद्धा आवळू द्यायचे नाहीत.”

साहेब बरे झाले की. सगळे असंच म्हणायचे. नणंद फोनवर म्हणायची, शेजारी जिन्यात म्हणायचे, आणि तीही ‘हो ना’ म्हणायची.

“झाकून ठेवून कसं चालेल?” ती म्हणाली. “एक दिवसाआड दवाखाना आहे.”

“ते खरंय, पण साहेबांना...”

“साहेब आता गाडी चालवणार नाहीत.”

आवाज न चढवता, न उतरवता ती बोलली. नवऱ्यासमोर हे पहिल्यांदाच निघालं होतं तोंडातून. काहीतरी होईल असं तिला वाटलं. कोपऱ्यातला हवेचा पंप घरघरला आणि थांबला.

“उद्या,” नवरा म्हणाला.

टायरवाला खाली मान घालून पान्हा शोधू लागला. पान्हा त्याच्या हातातच होता.

“नवेच घाला,” ती म्हणाली. “ओल्या रस्त्यावर धरतील असे. वेगाचे नकोत. मी काही फार पळवत नाही.”

तो कामाला लागला. जुना टायर चाकावरून सुटला, तसा त्याने तो भिंतीकडे घरंगळत सोडला. टायर खुर्चीपाशी आला, आणि नवऱ्याने डावा हात पुढे करून तो अडवला. त्या गुळगुळीत रबरावर त्याने तळवा ठेवला. सावकाश फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ती बघत होती. आता आपल्याला रडू यायला हवं, हे तिला कळत होतं; जेवायची वेळ झाल्याचं घड्याळ बघून कळावं, तसं.

नवऱ्याने टायरला हलकेच ढकललं. तो थोडा पुढे गेला, डुगडुगला आणि आडवा झाला.

काम संपल्यावर दोघांनी मिळून नवऱ्याला पुन्हा आत बसवलं. टायरवाल्याने त्याचा पट्टा लावून दिला, काठी मागे सरकवली. “नवं रबर आहे, वहिनी. थोडे दिवस दमानं घ्या,” तो म्हणाला. मग वाकून आत बघत म्हणाला, “येतो हं साहेब, घरी येतो एकदा.” नवऱ्याने मान हलवली.

ती आपल्या जागेवर बसली. सीट अजून त्याच्याच मापाची होती, लांब पायांच्या माणसाची. इतके महिने ती पाठीमागे उशी लावून, चवड्यांच्या टोकाने ब्रेक दाबत आली होती. सीटला तिने हात लावला नव्हता. त्यानेही कधी तसं सुचवलं नव्हतं. सुचवणार तरी कसं?

तिने उशी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती धरली.

मग तिने खाली हात घालून दांडा ओढला. सीट कटकट आवाज करत पुढे आली, आणि तिचं अख्खं पाऊल ब्रेकवर टेकलं.