ऋषी पॉइंट

आयटीतल्या ऋषीला तंबू ठोकायला ना सोय लागायची ना शेजार, नुसतं रान हवं असायचं. म्हणून गेल्या वर्षी वेल्ह्याच्या जंगलात गुरं राखणाऱ्या हिंदुरावांनी झऱ्याकाठची सपाट जागा दाखवली, तेव्हा तो हरखूनच गेला.

"पाव्हणं, तुमच्यापुरतीच ठेवा. आमची गुरं हितंच पाणी पित्यात," एवढंच ते म्हणाले. नावसुद्धा विचारलं नाही.

पुण्यात परतल्यावर फोटोला तीनशे लाइक पडले आणि त्याला राहवेना. त्यानं जागा मॅपवर टाकली, वर हौसेनं स्वतःचंच नाव दिलं, 'ऋषी पॉइंट'.

यंदा गेला, तर तंबूंची जत्रा भरलेली आणि झऱ्यात बाटल्या तरंगत होत्या. हिंदुराव गुरं वळवून लांबच्या ओढ्याकडे निघाले होते. त्याला पाहून तोंडभर हसले. ऋषीला मान वर करवेना.

"समदी 'ऋषी पॉइंट, ऋषी पॉइंट' करत येत्यात, पाव्हणं. हितं कोण ऋषी होऊन गेला, ठावं न्हाई..."

त्यांनी झऱ्याकडे पाहिलं.


"पण जाताना शाप देऊन गेला बघा."