खुणा उपटण्याची पाळी

हिल्लेवीने पहार उचलून बर्फावर मारली. फेब्रुवारीत याच जागी दहा घाव घालूनही पाणी लागलं नव्हतं. आज दुसऱ्याच घावाला पहार आरपार गेली.

तिच्या नवऱ्याने, रूनरने, भोकात काठी घातली आणि ओल्या भागाला वीत लावली. "दोन विती भरतोय. बघ. यावरून घोडा जाईल."

"जानेवारीत गेला असता."

तिने भोकाच्या कडेचा एक तुकडा काढून बुटाने हलकेच ठोकरला. तो फुटला नाही, सुटला. बोटाएवढ्या उभ्या कांड्या खुळखुळत वेगळ्या झाल्या. वसंतातलं ऊन बर्फाला नुसतं वरून खात नाही, आत शिरून त्याचे सांधे सोडवतं. जाडी तशीच राहते आणि माणसं फसतात. रूनरला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्याने आज काठी आणली होती.

बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गोठलेल्या समुद्रावरून नऊशे पावलांची वाट होती. दर तीस पावलांवर एक जुनिपरचं झुडूप रोवलेलं. झुडपं उभी तोवर वाट चालू. बर्फ दगा देऊ लागला की ती उपटायची, म्हणजे कुणी भुलून पाऊल टाकत नाही. मग होडी सुटेपर्यंत बेट तीन आठवडे एकटं. पलीकडच्या गावाने आपल्या अर्ध्या वाटेवरची झुडपं कालच काढली होती. बेटाकडची पंधरा उभी होती, आणि ती उपटायची पाळी यंदा यांच्या घराची होती.

"एक दिवस थांबू," रूनर म्हणाला. "उद्या डाग्नी येतेय."

"दुपारच्या बसने. दुपारी हा बर्फ कसा असेल?"

"निदान आपली झुडपं उभी दिसू देत तिला. नाहीतर तिला वाटेल, बापानेच उपटायला लावली."

"वाटू दे. वाटायला ती जिवंत तरी हवी."

सप्टेंबरात त्यानेच लेकीला सांगितलं होतं, पुन्हा डोळ्यांसमोर येऊ नकोस. सात महिने तिचं पत्र नव्हतं. परवा दोन ओळी आल्या: शनिवारी येते, बाबा काय म्हणतात ते येऊनच बघेन. बेटावर टेलिफोन नव्हता. उत्तर न्यायला टपालवालाही नव्हता, त्याने कालपासून बर्फावर पाय ठेवणं बंद केलं होतं.

"आई आहेस की दगड?" रूनर म्हणाला.

हिल्लेवीने खिळे बांधलेली दोरी गळ्यात अडकवली. बुडालंच तर ते बर्फात रोवून वर येता येतं. "तू काठावर थांब. दोघांचं वजन नको."

ती मध्यापर्यंत गेली आणि तिथून एकेक झुडूप उपटत मागे आली. प्रत्येक भोकातून काळं पाणी वर येत होतं. एकदा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ती पोटावर पडली, सरपटली, उठली. काठाला लागली तेव्हा घसरगाडीवर पंधरा झुडपं होती आणि रूनर तिच्याकडे बघत नव्हता.

"आली," तो म्हणाला. "हिल्ले, अगं, ती आजच आली!"

पलीकडच्या काठावर करड्या कोटातली एक आकृती उभी होती. तिने हातातली पेटी खाली ठेवली.

रूनरचा हात वर जाऊ लागला.

"हात खाली!"

"अगं, नुसती ओळख तरी…"

"तू हात केलास की ती निघालीच. तुझ्याच वळणाची आहे. सात महिने त्या हाताचीच वाट बघतेय."

"मग ओरडून सांगतो, थांब म्हणून!"

"वारा तिकडून येतोय. शब्द पोचणार नाहीत, तिला फक्त तुझी धडपड दिसेल. बोलावतोयस असंच वाटेल तिला."

आकृतीने बर्फावर पाऊल ठेवलं. मग दुसरं.

हिल्लेवीने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला घराकडे वळवलं. "चल. वर चल. मागे बघायचं नाही. आपली पाठ दिसली तरच ती परत फिरेल."

"हिल्ले…"

"चल म्हणते ना."

दोघं चढ चढले. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, समुद्राकडून परतलेल्या बदकांची गडबड ऐकू येत होती. हिल्लेवी आधी आत शिरली.

"दार लाव," ती म्हणाली. "तिला दिसेल असं लाव."

रूनरने दार आपटलं. आतून कडी घातली आणि हात कडीवरच राहू दिला.

"थांबली का गं?" त्याने विचारलं.

हिल्लेवी खिडकीशी उभी होती. ओढून घेतलेल्या पडद्याची दोन टोकं तिने दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरली होती.