हजेरीचं यंत्र

"या यंत्राने नुसता वैताग आणलाय," मुख्याधिकारी सभेत सांगत होते. "चार-चार वेळा दाबला तरी माझा अंगठा घेत नाही." नगरसेवकांनी माना डोलावल्या आणि हजेरीचं नवं यंत्र घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढचा विषय धुरपदाबाईच्या तक्रारीचा होता. एकोणीस वर्षं गटारं उपसून आणि ब्लिचिंग पावडर टाकून तिच्या बोटांची कातडी पार गुळगुळीत झाली होती. याच यंत्राने तिला सव्वीस दिवस गैरहजर दाखवलं होतं, म्हणून तिला कामावरून काढत होते.

"बाई, यंत्रात आहे ते आहे," मुख्याधिकारी म्हणाले. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"अहो साहेब, आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"तो विषय वेगळा. तो संपला."

धुरपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार फेटाळली गेली. कारकुनाने बडतर्फीचा आदेश पुढे केला आणि पोचेच्या कागदावर तिचा अंगठा टेकवला. नुसता जांभळा डाग उमटला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"साहेब, रेघाच येत नाहीत," कारकून वैतागून म्हणाला. "असा अंगठा चालत नाही. पोच नसताना आदेश कसा देऊ?"

धुरपदाबाईने अंगठा पदराला पुसला. "म्हणजे अजून कामावरच आहे की मी." दारामागचा झाडू घेऊन ती थेट मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीपाशी आली.

"पाय वर घ्या, साहेब."