सभ्य कारण

अंबाडीजवळच्या फार्महाऊसवर सुट्टीला आलेल्या प्रितमने राहीबाईच्या खानावळीत बारा जणांचं मटण सांगून ठेवलं होतं. ऐन जेवणाच्या वेळी पोरांनी पिझ्झ्याचा हट्ट धरला. नुसतं ‘येत नाही’ म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्याने फोनवर पडेल आवाजात सांगितलं, “मावशी, आई गेली हो आमची.”

तासाभरात राहीबाई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात हजर. “मयताच्या घरी चूल पेटत न्हाय,” ती म्हणाली.

दार उघडणाऱ्या म्हातारीने तोंडातला पिझ्झा गिळला. “मी प्रितमची आई. आमच्याकडे कोण गेलं गं?”

तेवढ्यात प्रितम तिच्या मागे दारात आला. राहीबाईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“कुणी न्हाय, आजी. माझंच घर चुकलं,” म्हणत तिने पातेलं त्याच्या हातात दिलं.