दाढीचं आमंत्रण

"बस. आज फुकट," सलूनवाला म्हणाला आणि त्याने खुर्चीवर टॉवेल झटकला.

पेंटर बसला. त्याचा जबडा नेहमीसारखा थरथरत होता आणि मांडीवरचा उजवा हात मिठाची चिमूट चोळत बसल्यासारखा आपला हलतोय, हलतोय. कंपवात दोघा दोस्तांना एकाच वर्षी झाला होता. पण आज या दुकानात थरथरत होता तो एकटाच, आणि तेच त्याच्या पोटात दुखत होतं.

आरशात त्याला दोस्ताचे हात दिसत होते. ब्रश वाटीत गरगर फिरत होता, फेसाचा एक थेंब बाहेर पडत नव्हता. नवं इंजेक्शन सुरू होण्याआधी याच माणसाला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, तरी निम्मा चहा बशीत. आणि आता मेला चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा असा फटाफट ओढत होता, जणू आज कुणी त्याला बघायलाच येणार आहे!

"बघतोस काय एवढं? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"सरकारी पैशाने माणसाला किती माज चढतो ते बघतोय."

सलूनवाला नुसता हसला. हसणारच. त्या औषधाचा प्रयोग सरकारी पैशावर चालला होता आणि निवडीला दोघंही बरोबरच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे केला. म्हणाल्या, गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा वळसा काढा. सलूनवाल्याने कोंबडीने उकरल्यासारखं काहीतरी गिचमिड केलं. पेंटरने मात्र श्वास रोखला, पाट्या रंगवताना टेकवायचा तसं डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं आणि एका दमात असा वळसा काढला की बाई बघतच राहिल्या. पेंटरची छाती फुगली. नंतर निरोप आला, तुमचा आजार अजून सौम्य दिसतो, तुम्ही या प्रयोगात बसत नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते काय खोटं? चांगलं काढलं म्हणून नापास झालेला हा जगातला पहिलाच पेंटर.

म्हणून तर आज सकाळी टीव्हीच्या खालच्या पट्टीतून ती बातमी सरकत गेली तेव्हा त्याने हातातला घास तसाच ठेवला. कंपवाताच्या संशोधनाचा सरकारी निधी बंद, चालू असलेले प्रयोगही थांबणार. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते बरं. पोटात गार पाणी गेल्यासारखं बरं. आणि तेवढ्यात सलूनवाल्याचा फोन, दाढीला ये म्हणून! पेंटर काठी घेऊन निघालाच. बातमी स्वतःच्या तोंडाने सांगायची, आणि आरशात याचं तोंड कसं उतरतं ते डोळे भरून बघायचं.

"मान वर कर."

सलूनवाल्याने त्याचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट टेकवून धरलं. जबडा थरथरतच होता. वस्तरा गळ्याशी थांबायचा, थरथरीचा अंदाज घ्यायचा आणि तिच्याबरोबरच खाली उतरायचा. ज्याने ती थरथर स्वतः भोगली आहे त्यालाच हे जमावं. पेंटरला ते कळलं आणि त्याचा जळफळाट आणखीच वाढला.

"टीव्ही बघतोस का रे हल्ली?"

"बोलू नकोस, कापेल."

एक गाल झाला. वस्तरा पुसायला सलूनवाला जरा मागे सरकला आणि पेंटरला राहवलं नाही.

"तुझं इंजेक्शन बंद होणार. सरकारने पैसे थांबवलेत. सगळा प्रयोगच गुंडाळलाय."

तो आरशात बघत राहिला. दोस्ताचं तोंड काही उतरलं नाही.

"दवाखान्यातून फोन आला होता मागेच," सलूनवाला म्हणाला. "शेवटचं इंजेक्शन घेऊनही झालं. थोडे दिवस असर राहील म्हणाल्या बाई. कालपासून या करंगळीत जाणवायला लागलंय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"अरे, लग्नाच्या आधीपासून तुझी दाढी मी करतोय. आता सून मशीन फिरवते तुझ्या तोंडावरून, इथे खुंट, तिथे खुंट. बघवत नाही मला. म्हटलं, हात आहेत तोवर एकदा नीट करून टाकू."

पेंटरला लाज वाटली. वाटली, पण जळणं काही विझलं नाही.

"तरी तुला चार महिने मिळाले," तो म्हणाला. "मला चार दिवससुद्धा नाही. जळलो रे मी तुझ्यावर. रोज जळलो."

"माहीत आहे. तुला लपवता कुठे येतं?" सलूनवाल्याने वस्तरा टॉवेलला पुसला. "आता मी जळतो तुझ्यावर."

"माझ्यावर? माझ्याकडे आहे काय जळण्यासारखं?"

"तुझे हात एकदाच गेले," सलूनवाला म्हणाला. "माझे दुसऱ्यांदा जाणार."

पेंटरने राहिलेला गाल त्याच्याकडे केला.