माशांचं पाणी

विज्ञानाचे मास्तर पंजाबराव घरच्या काचपेटीतल्या माशांचं पाणी रोज तपासायचे. थोड्या पाण्यात रंगसूचक टाकून त्याचा रंग पालटेपर्यंत ॲसिडचे थेंब मोजायचे. कधी आठ लागायचे, कधी वीस. वीस लागले की पाण्यात क्षार जास्त, आणि सकाळी एखादा मासा उलटा तरंगताना दिसायचा. त्यांनी ॲसिड बदललं, काचेची नळी बदलली, तरी आकडा जुळेना.

शेवटी त्यांनी घरकामाला येणाऱ्या भागिरथेला विचारलं, पाणी कुठून आणतेस. घरातल्या प्यायच्या पाण्याला तिला हात लावू देत नसत; माशांचं पाणी मात्र तीच आणायची.

"वरच्या हिरीवर कोनी कळशीत पानी टाकून देल्लं तं तिथलं आनतो, गुरुजी. नाई देल्लं तं आमच्या बौद्धपुऱ्यातलं."

"थे नोको आनत जाऊ. त्या पान्यानं मासे मरून राह्यले."

भागिरथेनं कळशी खाली ठेवली.

"हे मले कागदावर लिहून द्या, गुरुजी. माहे दोन लेकरं गेले, अन् सासू अजूक म्हनते, तुह्या दुधातच खोट हाय."